काहीच घडलं नाही, त्याचा फोटो पाठवा

नागपुरात तिरपुडेच्या किंवा मातृसेवा संघाच्या कॉलेजातून समाजकार्याची पदवी, एमएसडब्ल्यू, घेतलीत, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चकरा मारून संस्था नोंदवलीत, करसवलतीचे १२ए आणि ८०जी, सरकारी पोर्टलवरची दर्पण नोंदणी, कंपन्यांचा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ ही सगळी कागदं फाइलीत लागली. अभिनंदन! मुलांसाठी काम करायला तुम्ही आता पात्र झालात. मुलं भेटायला मात्र अजून अवकाश आहे. आधी अनुदान.

पैसा आहे, काळजी नको. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार वर्षाला ५ कोटी नफा कमावणाऱ्या कंपनीलाही आपल्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजावर खर्च करावे लागतात; यालाच सीएसआर म्हणतात. बुटीबोरीपासून मुंबईपर्यंत कोणी ना कोणी तुमच्यासारख्याच्या शोधात असतं. फक्त मीटिंगमध्ये एक वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका: ‘मुलांच्या आयुष्यात वाईट काही घडू नये म्हणून आम्ही काम करतो.’ न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही, राजेहो.

समजा, नागपुरातल्या जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत पंधरा वर्षांची एक मुलगी आहे. घरात स्थळं बघणं सुरू झालंय. वस्तीत काम करणारी तुमच्या संस्थेची ताई सहा महिने तिच्या आईच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, बापाच्या चार शिव्या खाल्ल्या, आजीचं दुखणं ऐकलं, आणि मुलगी दहावीला बसली. आता अहवालात काय लिहाल? सहा महिन्यांत झालं काय, तर चहा. त्याचंही पक्कं बिल नाही. तीच मुलगी लग्न करून, बाळंत होऊन, मार खाऊन माहेरी परतली असती तर केवढी केस स्टोरी झाली असती! चेहरा धूसर केलेला फोटो, मागे शिलाई मशीन, खाली कंपनीचं बोधचिन्ह. तेव्हा टाळाटाळीच्या, म्हणजे काही टाळण्याच्या भानगडीत पडू नका. घडू द्या, मग पोहोचा.

तरीही प्रतिबंधाचंच काम करायची खाज असेल, तर ते एका दिवसात उरका. बालविवाह, व्यसन, शाळागळती, लैंगिक अत्याचार हे सगळं एकाच बॅनरवर बसतं, अक्षर बारीक करायचं. रॅली काढा. टोप्या वाटा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर छापलेल्या किचेन वाटा, घराला कुलूप नसलेल्यांनाही. फोटोवर ठिकाण उमटवणारा जिओटॅग सुरू ठेवा, नाहीतर पोरं खरंच नागपुरात होती हे सिद्ध कसं करणार?

मग लाभार्थी मोजा. आठवड्याला वीस मुलं येतात ना? तीच वीस. पण वर्षात आठवडे ५२, म्हणजे झाली १,०४०. प्रत्येकाच्या घरी पाच माणसं धरली की ५,२०० अप्रत्यक्ष लाभार्थी. वस्तीत तेवढी माणसं नसतील, पण कंपनीचा मुंबईतला साहेब काही जनगणनेला येत नाही. तो येतो हिवाळी अधिवेशनात, कारण तेव्हा मंत्रीही इथेच असतात. वर्धा रोडवरच्या हॉटेलात परिषद ठेवा, संत्रा बर्फी द्या, विमानात बसवा.

पैसे येण्याचा हंगाम नीट ओळखा. फेब्रुवारीत कंपनीचा फोन येतो: शिल्लक आहे, ३१ मार्चच्या आत खर्च होईल का? ‘मुलांच्या परीक्षा आहेत’ असं बोलायचं नाही. तसा कायद्यात तीन वर्षं पुढे चालणारा प्रकल्प बसतो; उरलेला पैसा ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकला की झालं. पण त्याला ठराव लागतो, आणि खर्चायला नुसती ५०० दप्तरं लागतात. दप्तरं घ्या.

त्यानंतर एप्रिल ते जून तुम्हाला सुट्टी. नवा एमओयू, म्हणजे करार, सहीला गेलेला असतो, पहिला हप्ता पावसाबरोबर येतो. नेमका याच महिन्यांत पारा पंचेचाळिसावर जातो, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद असतात, आई धुणीभांड्याला, बाप मजुरांच्या ठिय्यावर, आणि टिनाच्या खोलीत कोणाच्याने बसवत नाही. पोरगं मग सावली बघून पानठेल्यावर जातं. आधी दुसऱ्यासाठी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देतं, नंतर स्वतःसाठी घोटतं. या काळात वस्तीत कोणीतरी असायला पाहिजे, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. प्रकल्पाच्या वर्षात मे महिना नसतो.

व्यसनमुक्तीचं बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजणी, जुलैत घ्या. आकडा छान मोठा येतो.

आता ताईचा विषय. तिचं मानधन बजेटात टाकलंत की उत्तर येईल, ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही.’ ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चावर आहे, प्रकल्प राबवण्याच्या खर्चावर नाही, हे नियमात स्वच्छ लिहिलंय. तुम्ही ते वाचलंय हे कळू देऊ नका. वाचणाऱ्या संस्था त्रासदायक असतात. ताईला ‘स्वयंसेविका’ करा, प्रवासखर्चात काहीतरी बसवा. उलट मोठ्या कंपन्यांच्या कोटीभराच्या प्रकल्पांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घेणं सक्तीचं आहे, आणि त्यावर एकूण सीएसआर खर्चाच्या २ टक्के किंवा ५० लाख, यातली जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंत खर्च दाखवता येतो. काम करणारीला पैसे नाहीत, पण तिने काम केलं का हे विचारायला येणाऱ्याला आहेत. तो आला की ताईलाच सोबत पाठवा. घरं तिलाच माहीत असतात, आणि लोक दारही तिच्याच हाकेला उघडतात.

प्रपोजलच्या शेवटच्या पानावर एक रकाना असतो: शाश्वतता. निधी संपल्यावर काम कसं चालेल? इथे भलेभले अडखळतात. तुम्ही लिहा, ‘समुदाय हे काम स्वतः पुढे नेईल.’ त्यावर गुण पूर्ण मिळतात. आणि ‘सर, मार्चनंतर माझं काय जी?’ असं ताईने विचारलं, तर तिला ते पान दाखवा. समुदाय म्हणजे तीच.