सेटलमेंटच्या कागदावर सही करायच्या आधी एवढं वाचा

परवा बहिणीच्या मुलाचा फोन आला, कुपवाड एमआयडीसीत असतो. लेबर कोर्टात केस जिंकलाय, कामावर परत घ्या म्हणून अवॉर्ड, म्हणजे लेबर कोर्टाचा निकाल, झालाय, पण कंपनी हायकोर्टात गेली आणि आता म्हणतायत कशाला वर्षानुवर्षं भांडतोस, एकरकमी घे आणि मोकळा हो. मावशी, सही करू का? म्हटलं अजिबात नको, आधी कागद घेऊन घरी ये.

आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हे सगळं भोगलंय ओ. फिटर होते, १४ वर्षं नोकरी, एक दिवस वॉचमननं गेटवरच अडवलं आणि नंतर कंपनीनं कोर्टात लिहून दिलं की कामगार स्वतःच यायचा बंद झाला. पण आण्णांनी दर आठवड्याला रजिस्टर पत्र टाकलेलं, मी कामावर यायला तयार आहे म्हणून, आणि आईनं त्या सगळ्या पोचपावत्या दुधाच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलेल्या. उलटतपासात वकिलांनी मॅनेजरपुढं एकेक पावती ठेवली, हा शिक्का कुणाचा, ही सही कुणाची. केस तिथंच फिरली. आपण अपील अपील म्हणतो पण अवॉर्डवर साधं अपील नसतं, हायकोर्टात रिट अर्ज होतो आणि तिथं सहसा पुरावा नव्यानं घेत नाहीत, त्यामुळं जे काय दाखवायचं ते खाली लेबर कोर्टातच दाखवावं लागतं.

मग कंपनी हायकोर्टात गेली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईच्या वाऱ्या सुरू. तारीख पडायची, परत यायचे. आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, २०२५ च्या ऑगस्टपासून, सांगली साताऱ्याच्या माणसाची ती फरफट तरी वाचली.

आण्णा तर पहिल्याच ऑफरवर सही करणार होते, थकलेले. तेव्हा वकिलांनी औद्योगिक विवाद कायद्याचं कलम १७ब सांगितलं. कामावर परत घ्यायचा अवॉर्ड असेल आणि मालक हायकोर्टात गेला तर केस चालू असेपर्यंत कामगाराला शेवटी मिळत होता तेवढा पगार देत राहावा लागतो, आपण फक्त दुसरीकडं नोकरी नाही असं अ‍ॅफिडेव्हिट करायचं. त्या कायद्याच्या जागी आलेल्या नवीन लेबर कोडमध्ये पण ही तरतूद आहे. तो पगार सुरू झाला आणि जी कंपनी तारखा वाढवत होती तीच सेटलमेंटची घाई करायला लागली! शेवटी आण्णांनी तडजोडच केली आणि मला त्यात हार वाटत नाही, वय झालेलं, पण उपाशीपोटी केलेली तडजोड आणि घरात पगार येत असताना केलेली तडजोड यात लई फरक पडतो, रक्कमच बदलते.

कागद पण नीट वाचा. आण्णांच्या पहिल्या मसुद्यात एक ओळ होती, "ग्रॅच्युइटीसह सर्व येणे पोहोचले". ग्रॅच्युइटी कायद्यानं मिळते, वर्षाला १५ दिवसांचा पगार, ती कुणी सेटलमेंटच्या रकमेत गुंडाळून मारायची नाही. वकिलांनी ती ओळ खोडली आणि ग्रॅच्युइटीचा वेगळा चेक घेतला.

भाचा काल कागद घेऊन आला. तशीच ओळ त्यात पण आहे. आणि त्याचं अ‍ॅफिडेव्हिट अजून झालेलंच नाही, कुणी सांगितलंच नाही त्याला. गुरुवारी वकिलांकडं घेऊन जातीय, आधी अ‍ॅफिडेव्हिट, मग सेटलमेंटचं बघू.