दहा बाय आठचं सोयाबीन

रोहिणी लागल्या की परभणीत दोन माणसांना मान वर करायला फुरसत नसते. एक बी-बियाणांचा दुकानदार आणि दुसरा त्याचं फ्लेक्स करणारा, म्हणजे मी. ७ जूनच्या आसपास मृग निघतो. त्याच्या आत नव्या मोंढ्यातल्या जवळपास प्रत्येक कृषी सेवा केंद्राला दारावर दहा बाय आठचं सोयाबीन डोलताना पाहिजे असतं.

यंदा एका काकांचं काम होतं. तासभर नेटवर हुडकून मी एक फोटो काढला. हिरवीगार झाडं, शेंगांचे लोंगर, पानांवर दव. खाली दुकानाचं नाव, पत्ता, नंबर. बस. माझं मलाच परत परत बघावंसं वाटत होतं. काकांना पाठवलं. निळ्या टिका पडल्या आणि फोन आला.

"भाऊ, लई भारी झालंय. थोडंसंच बदला."

बारा वर्षं या धंद्यात आहे. 'थोडंसंच'एवढा लांबलचक शब्द मराठीत दुसरा नाही.

"मी कुठंच दिसंना गेलोय!"

खरं होतं, काका त्यात नव्हतेच. फोटो आला तो आधार कार्डाचा, मोबाइलवर काढलेला, कडेला अंगठ्यासकट. अंगठा कापला, काकांना निळा कोट चढवला. मग थोरले बंधू आले, कारण दुकान एकत्रातलं. ते आले म्हणून त्यांचे मेहुणे आले. मेहुणे दुकानात नेमकं काय करतात हे विचारायची माझी टाप नव्हती. बंधू काकांपेक्षा बोटभर मोठे, काका मेहुण्यांपेक्षा बोटभर मोठे, या मोजमापात शेंगा सरकत सरकत कोपऱ्यात जाऊन बसल्या.

पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचं म्हणणं, मोकळी जागा पाहिजे, डोळ्याला गारवा वाटला पाहिजे. मला पटलं. सोडली मोकळी जागा. रात्री काकांचा फोन.

"इथं रिकामं कामून ठेवलंय? पैसे तर सगळ्या ८० फुटांचे घेणार ना? तिथं खताच्या गोण्या टाका."

याला उत्तर नाही. गोण्या टाकल्या.

मग हिरवा रंग. "मोबाइलवर कसा चमकायलाय, छापल्यावर मरगळला कामून?" मी सांगितलं, मोबाइलमधला हिरवा हा उजेड असतो, मशीनमध्ये चारच शाया: आकाशी, गुलाबी, पिवळी, काळी. उजेड काही शाईत कालवता येत नाही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग उजेडवालीच शाई आणा. दोन पैसे जास्त घ्या."

मध्येच एक घोटाळा माझाही झाला. मेहुण्यांना फाइल पाठवताना अक्षरं कर्व्ह करायची, म्हणजे त्यांचं चित्र करून टाकायचं, राहिलं. त्यांच्या पोराच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळं दुकानाच्या नावाचे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं झाली. रात्री अकराला फोन. "अहो, कुळदैवताचं नाव हाय ते! काय करून ठेवलंय?" मी चपला काढून उभ्यानं माफी मागितली. फोनवरच.

चौदाव्या खेपेला छपाई झाली. चौकटीवर ताणून ठोकला, दोरखंडानं वर ओढला. काका, बंधू, मेहुणे आणि मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन कौतुकानं बघत होतो. तेवढ्यात पोतं उतरवून दुकानातला म्हातारा हमाल आमच्याशेजारी टेकला. बराच वेळ वर बघत राहिला.

"मालक, आपुन घेवड्याचं बी कवापासून ठेवायलोत?"

"घेवडा कुठला मामा, सोयाबीन हाय ते."

"सोयाबीनच्या शेंगंवर लव असती. ही बघा की, कशी गुळगुळीत."

कुणीच बोललं नाही. बंधू मेहुण्यांकडं बघायला लागले, मेहुणे माझ्याकडं. मी शेतकऱ्याचा पोरगा. दहावीपर्यंत त्याच लवेनं हात खाजवत सोयाबीन काढलंय. चौदा वेळा ती शेंग मी इकडून तिकडं सरकवली होती, आणि काकांनी तीस वर्षं सोयाबीन विकलं होतं.

काकांनी पुन्हा एकदा फ्लेक्स वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"शेंगांचं सोडा मामा," ते म्हणाले, "कोट कसा दिसायलाय ते सांगा."