उतारच तर आहे

नॉर्वेजियन माणसाला अंतराविषयी काही विचारू नये, हे बर्गनमध्ये नोकरीला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्याच उन्हाळ्यात कळते. उताराविषयीही विचारू नये, हे मात्र कोणी सांगत नाही. कार्यालयातील साठीकडे झुकलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी ऑरलांड्सडालेनच्या दरीत जाण्याचा बेत सांगितला, तेव्हा सुमारे ८०० मीटर उंचीवरील ओस्टरबोपासून खाली वासबिग्दीपर्यंतच्या २० किलोमीटरच्या वाटेचे वर्णन त्यांनी "उतारच तर आहे" या तीन शब्दांत उरकले.

सह्याद्रीत चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघा आठवतो, एवढे माझे डोंगरविषयक ज्ञान आहे. येथे गुडघा पहिल्या तासातच आठवला, आणि पुढे दुसरे काही आठवेनासे झाले. या उतारात चढही होते, परंतु ते मोजायचे नसतात असे दिसले. खडकांवर रंगवलेली लाल 'टी' ही खूण, जिची निगा १८६८ साली स्थापन झालेली पर्यटन संघटना राखते, नेहमी पुढच्या वळणापलीकडेच दिसते.

वाटेत ओस पडलेली घरे लागली. जाड ओंडक्यांच्या भिंती, भूर्जाच्या सालीवर माती अंथरून केलेली छपरे आणि त्यांवर गवत. नॉर्वेच्या डोंगरांत एके काळी अशी हजारो उन्हाळी वस्तिस्थाने होती. त्यांना सेटर आणि इकडच्या भागात स्टोल म्हणतात. उन्हाळा लागला की गाईशेळ्या घेऊन बायका आणि मुली वर येत, धारा काढत, लोणी घुसळत, चीज करत आणि शरद ऋतूत तो सारा माल खाली नेत. युनेस्कोने २०२४ मध्ये नॉर्वे आणि स्वीडनच्या या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तोवर बहुतेक सेटरांवर धार काढणारे कोणी उरले नव्हते. हे सारे सहकाऱ्यांनी मला फार प्रेमाने सांगितले. माझ्या पाठीवर पाण्याची एक बाटली आणि पावसाळी जाकीट एवढेच ओझे असताना, ज्या बायका लोणी आणि चीज वाहत याच वाटांनी उतरत, त्यांची माहिती अशा वेळी का पुरवावी, हे मात्र मला समजले नाही.

एका ओसरीवर बसून त्यांनी उंद्रेदालच्या शेळीच्या दुधाचे तपकिरी चीज पावावर कापून दिले. दुधाची निवळी तासन्‌तास आटवून ते करतात. चव म्हणावी, तर मीठ पडलेल्या कंदी पेढ्यासारखी. मी चार तुकडे खाल्ले, कारण खाताना चालावे लागत नव्हते.

तेथेच मला नॉर्वेच्या प्रसिद्ध पर्वत-नियमांतील आठवा नियम आठवला: वेळीच मागे फिरा, परतण्यात लाज नाही. तो मी मोठ्याने म्हटलाही. सहकाऱ्यांनी नकाशा उलगडून, अत्यंत सौजन्याने, आपण निम्म्याहून पुढे आलो असून मागची वाट चढाची आहे, हे दाखवले. नियम करणाऱ्यांनी बहुधा शिखरांचाच विचार केला होता. दरीत उतरणाऱ्याच्या अब्रूची सोय त्यांनी केलेली नाही.

त्यानंतर कड्यात कोरलेल्या अरुंद पायवाटेवरून, एका हाताने खडक धरून, मी आडवा चालत गेलो. सत्तरीच्या एका बाईंनी मला मागे टाकताना हवामान छान असल्याचे सांगितले.

वासबिग्दीला बस उभी होती, आणि तिच्यात चढणे सोपे गेले. उतरताना मात्र पायऱ्यांकडे तोंड करून, दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून, मी एकेक पाय उलटा खाली सोडला. चालकाने घड्याळाकडे पाहिले आणि इंजिन बंद केले.