लाकडी भिंत कुजते ती इन्सुलेशनमुळे नाही

अमेरिका-कॅनडात नवं घर बांधायला निघालेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक संदेश सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लाकडी घराच्या भिंतीत फार इन्सुलेशन (उष्णता अडवणारं भरण) भरू नका, घर हवाबंद तर मुळीच करू नका. भिंतींना श्वास घेता आला पाहिजे, नाहीतर ओल आत अडकते आणि लाकूड कुजतं. पुरावा म्हणून व्हँकूवरच्या कुजलेल्या इमारती, शंभर वर्षं टिकलेली जुनी घरं आणि आपली कोकणातली घरं.

यात थोडं सत्य आहे, म्हणूनच तो पटतो. पण त्यावर विसंबून निर्णय घेतला तर आयुष्यभराच्या बचतीतून बांधलेलं घर थंडही राहतं आणि ओलंही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘व्हँकूवरला हवाबंद भिंती कुजल्या.’ तिथे १९८० आणि १९९०च्या दशकांत बांधलेल्या इमारतींच्या भिंती कुजल्या हे खरं. प्रकरण एवढं वाढलं की १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सरकारने माजी प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्याकडे चौकशी सोपवली. पण भिंतींत शिरलेलं पाणी होतं पावसाचं. खिडक्यांचे कोपरे, बाल्कनीचे सांधे, फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पट्टी) नसलेल्या जागा इथून ते आत गेलं. वर छपराची वळचण नाही आणि प्लास्टर थेट भिंतीला चिकटवलेलं, त्यामुळे शिरलेल्या पाण्याला खाली निथळून जायला वाट नाही. घरातली वाफ भिंतीत जाऊ नये म्हणून आतून लावलेल्या प्लॅस्टिकमुळे वाळायला उशीर लागला, एवढं मान्य. पण पाणी आणलं पावसाने.

न्यूझीलंडची गोष्ट तर या संदेशाच्या मुळावरच येते. साधारण त्याच काळात तिथेही हजारो लाकडी घरं कुजली. त्या घरांत इन्सुलेशन बेताचं होतं आणि आतून प्लॅस्टिक लावायची पद्धत नव्हती. तरी कुजली, कारण तिथेही वळचण गेली होती, सपाट प्लास्टरच्या भिंती आल्या होत्या आणि औषध न लावलेलं लाकूड वापरायला परवानगी मिळाली होती.

उपाय जुनाच आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या कर्बी गार्डन यांनी १९६३ मध्येच तो लिहून ठेवला होता: बाहेरचं आवरण थोडं गळणारच असं धरून चाला. त्याच्या मागे मोकळी फट ठेवा, फटीच्या आत पाणी अडवणारा दुसरा थर द्या आणि खाली पाण्याला वाट द्या. आज त्याला रेनस्क्रीन म्हणतात. दहा मिलिमीटरची फटसुद्धा मोठं काम करते: पाणी निथळतं, वारा खेळतो, लाकूड वाळतं. माझ्या मते पावसाळी प्रदेशात घर घेताना किचनच्या ग्रॅनाइटआधी या फटीबद्दल विचारावं.

‘भिंतींना श्वास घेता आला पाहिजे.’ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी खोलीतली हवा किती बदलते ते मोजलं आणि विटांच्या भिंतीतून बरीच हवा ये-जा करते असं मानलं. पुढच्या मोजमापांनी ते खोडून काढलं, कल्पना मात्र टिकली. हवा भिंतीतून नाही, फटींतून जाते. आणि लाकडी घरात घात होतो तो नेमका तिथेच.

इमारतशास्त्रज्ञ जोसेफ लस्टिब्युरेक यांचं एक उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. थंड प्रदेशात चार बाय आठ फुटांच्या जिप्सम बोर्डमधून (भिंतीला आतून लावायचा फळा, म्हणजेच ड्रायवॉल) आख्ख्या हिवाळ्यात झिरपून जाणारी वाफ म्हणजे सुमारे एक तृतीयांश लिटर पाणी. त्याच बोर्डाला एक चौरस इंचाचं भोक पाडलं, तर त्यातून जाणाऱ्या हवेबरोबर तीस लिटरच्या आसपास. म्हणजे ज्याला श्वास म्हणून वाचवायला निघालो, तोच भिंत भिजवतो. हवाबंद करणं हा लाकूड वाचवायचा उपाय आहे. माणसांना ताजी हवा हवीच, पण ती पंख्याने आणि उष्णता परत मिळवणाऱ्या यंत्राने आणावी. सॉकेटच्या मागच्या फटीतून नव्हे.

‘जास्त इन्सुलेशनने लाकूड कुजतं.’ संदेशातलं अर्धसत्य इथे आहे. खांबांमधली पोकळी भरली की घरातली ऊब बाहेरच्या ओएसबीपर्यंत (खांबांवर बाहेरून ठोकलेला लाकडाच्या कपच्यांचा फळा) पोचत नाही. तो गार पडतो आणि थंड पाण्याच्या तांब्यावर दव जमतं तशी त्याच्या आतल्या अंगावर वाफ गोठते किंवा पाणी होऊन बसते.

आकडेच मांडू. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसमध्ये हिवाळ्याचं सरासरी तापमान उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास. घरात २१ अंश आणि ३० टक्के आर्द्रता धरली, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो, साधारण ३ अंश. टू-बाय-सिक्सच्या (दोन बाय सहा इंची खांबांच्या) भिंतीत फक्त पोकळीत आर-२० भरलं (आर हे उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं), तर ओएसबी उणे ५ च्या आसपास राहतो. आत आलेली वाफ तिथे बसणारच. आता ओएसबीच्या बाहेरून आर-११.२५ चा फोमचा सलग थर द्या. तोच ओएसबी अधिक ४ वर येतो, दवबिंदूच्या वर. इन्सुलेशन वाढलं आणि लाकूड कोरडं झालं! अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत त्या हवामान विभागातल्या अशा भिंतीसाठी, आत नुसता रंग हाच बाष्परोधक असेल तर, हाच किमान आकडा दिलेला आहे. तेव्हा इन्सुलेशन किती यापेक्षा ते कुठे आहे हे बघा. बाहेर पातळ फोम आणि आत जाड भरण, हे प्रमाण चुकलं तर धोका खरा असतो.

आतून लावायचं ते प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिथीन, हेही सगळीकडे चालत नाही. जिथे उन्हाळा दमट आणि घरात एसी, तिथे वाफ उलट बाहेरून आत येते आणि त्या प्लॅस्टिकच्या मागे थांबते. अशा ठिकाणी आर्द्रतेनुसार वाफ कमी-जास्त जाऊ देणारी पॉलिअमाइडची फिल्म जास्त सुरक्षित.

‘जुनी घरं टिकलीच ना!’ जी टिकली तीच आपण बघतो. शिवाय त्यांच्या भिंती कोरड्या राहिल्या, कारण घर तापवणाऱ्या भट्टीची उष्णता त्या भिंतींतून अखंड बाहेर जात होती. त्याचं बिल भरायची तयारी आज कोणाची नाही. उलट उदाहरण हवं असेल तर कॅनडातल्या रेजायनाचं सस्कॅचवान कॉन्झर्वेशन हाउस बघा. हॅरल्ड ऑर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये बांधलं: लाकडी भिंती सुमारे आर-४० च्या, छप्पर आर-६०, त्या काळी विलक्षण हवाबंद, सोबत हवा बदलणारं यंत्र. हिवाळा उणे तीसचा. त्यानंतर त्यात अनेक वर्षं लोक राहिले.

‘कोकणातली घरं बघा.’ जरूर बघा, पण नीट. तिथली भिंत चिऱ्याची किंवा मातीची, लाकूड खांबांत आणि छपरात. आत-बाहेरच्या तापमानात फरक जवळजवळ नाही, त्यामुळे हिवाळ्यात भिंतीच्या पोटात दव जमायचा प्रश्नच येत नाही. त्या घरांनी लाकूड राखलं ते उंच जोत्याने आणि रुंद वळचणीने, पागोळ्या भिंतीपासून लांब पाडून. एवढं घेऊन मिनेसोटात या.

बिल्डरकडे एक हट्ट मात्र धरा: ब्लोअर डोअर चाचणी (दारात मोठा पंखा बसवून घर किती गळतं ते मोजणं) ड्रायवॉल लावायच्या आधी एकदा करून घ्या. थंड प्रदेशांत अनेक राज्यांच्या संहितेत ५० पास्कल दाबाला तासाला ३ हवाबदल (घरातली सगळी हवा तीनदा बदलणं) ही मर्यादा आहे. अत्यंत कमी ऊर्जेच्या घरांचं मानक असलेल्या पॅसिव्ह हाउसवाले ०.६ मागतात. आकडा जास्त आला तर पंखा चालू ठेवून घरभर हात फिरवा. रिम जॉइस्ट (मजल्याच्या कडेची तुळई), खिडक्यांच्या कडा, वायर बाहेर जाते ती भोकं, सगळीकडे वारा हाताला लागतो आणि तेव्हा सीलंट आणि टेपवर काम भागतं.