निळी पाटी आणि विहिरीतली उडी

दिवाळी उलटली की आमच्या बेळगावात उसाचे ट्रॅक्टर आणि ‘यंदा काश्मीर’वाले फॉरवर्ड एकदमच फिरायला लागतात. यंदाचा फॉरवर्ड स्कीइंगचा आहे. आधी टिळकवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग निपाणीच्या मावसभावाकडनं, आणि परवा खानापूरहून ताईनं पाठवला. खाली तिचा प्रश्न: “धाकटीला न्यायचं म्हणतोय. ह्यातलं खरं किती रे?”

फॉरवर्डमधलं म्हणणं थोडक्यात असं. मूल बारा-पंधरा वर्षांचं आणि जरा घाबरट असलं तरी काळजी नको. एक, निळी पाटी लावलेला उतार जगात कुठंही सोपाच असतो. दोन, ताजा बर्फ गादीसारखा मऊ असतो, म्हणून गुलमर्गला गोंडोलानं (तिथल्या केबल कारनं) थेट वरच्या टप्प्यावर न्यावं, पडलं तरी लागत नाही. तीन, इन्स्ट्रक्टरवर पैसे घालवू नका, एका दिवसात येतं. चार, विहिरीत ढकलून पोहायला शिकवतात तसं एकदा वरनं सोडून दिलं की भीती जाते. पाच, नाताळात जा, बर्फ हमखास. शेवटी एक टोमणा: आपल्या हवेतल्या पोरांना हे जमेलच असं नाही.

मी काही स्कीइंगमधला जाणकार नव्हे. दोन वर्षांमागं ताईच्या थोरलीला घेऊन आठवडाभर गुलमर्गला होतो, ती तेव्हा चौदाची. फॉरवर्डमधल्या दोन-तीन चुका आम्ही पहिल्याच दिवशी स्वतः करून घेतल्या, तेवढाच माझा अधिकार.

आधी चौथा मुद्दा घेतो, कारण ग्रुपवर सगळे अंगठे त्यालाच मिळालेत. विहिरीत पोहायला मीही शिकलोय, येळ्ळूरला आजोळी. पाठीला वाळलेला भोपळा, कमरेला कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक काठावरच्या आजोबांच्या हातात आणि खाली पाण्यात मामा. “मला तर ढकलूनच दिलं होतं” असं जे सांगतात, त्यांना उडी आठवते, कासरा आठवत नाही.

दुसरं म्हणजे, पाण्यात घाबरून हातपाय मारले तर निदान क्षणभर तरी डोकं वर राहतं. उतारावर घाबरलेलं माणूस मागं झुकतं. खाली खोल दिसलं की अंग आपसूक डोंगराकडं जातं, वजन टाचांवर येतं आणि स्कीची पुढची टोकं हलकी होतात. स्की वळते आणि आवरते ती पुढं दाब असला तरच. म्हणजे भीतीपोटी अंग जे करतं, नेमकं त्यानंच वेग वाढतो. वेग वाढला की भीती वाढते, माणूस आणखी मागं झुकतं. अशा पोराला वरनं सोडून देणाऱ्यानं त्याला धीर दिला असं मी तरी म्हणणार नाही.

थोरलीचं हेच झालं. स्की भाड्यानं देणाऱ्यानं जो माणूस बरोबर दिला होता, तो नवख्यांचा उतार सोडून “चलो, थोड़ा ऊपर” म्हणत तिला बराच वर घेऊन गेला. मी खाली उभा. खालून तो उतार काहीच वाटत नव्हता. वरनं तिला काय दिसलं ते तिलाच ठाऊक, पण तिचे गुडघे ताठ झालेले मला खालून कळत होते. “मामा, मी बसूनच येते” असं ओरडली आणि खरंच बसून आली, स्की काढून छातीशी धरलेल्या, पँटभर बर्फ. उरलेला दिवस हॉटेलात बुखारीला, म्हणजे तिथल्या शेगडीला, पाठ लावून गेला.

दुसऱ्या दिवशी दुसरा इन्स्ट्रक्टर मिळाला, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं पहिला तासभर एकाच पायात स्की घालून तिला सपाटीवर चालवलं. मग पाय बदलून तेच. मग खेकड्यासारखं आडवं आडवं दहा पावलं वर चढायचं, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवायची (ह्याला तिकडं सगळे पिझ्झा म्हणतात) आणि खाली सरकायचं. जागा त्यानं अशी निवडली होती की उतार संपला की लांबच लांब सपाटी आणि सपाटीच्या टोकाला जरासा चढ. पोरीनं काहीही केलं नाही, नुसती उभी राहिली, तरी ती थांबणारच होती. चौथ्या का पाचव्या फेरीला तिचं मागं झुकणं कमी झालं. कुणी सांगितलं नव्हतं. थांबणार हे अंगाला पटलं होतं.

ती सपाटी म्हणजे त्या माणसाचा कासरा. म्हणून ताई, उतार शोधताना आधी तो कुठं आणि कसा संपतो ते बघ. खाली रस्ता, झाडं, ओढा, लिफ्टच्या रांगेतली गर्दी असली तर तो उतार कितीही हलका असू दे, घाबरणाऱ्या पोराच्या कामाचा नाही. मग रुंदी बघ. मग मधूनच पायी बाहेर पडता येतं का ते बघ. पंधरा वर्षांच्या पोराला पडण्यापेक्षा लोकांदेखत अडकण्याची धास्ती जास्त असते, हे मला त्या आठवड्यात कळलं.

आता निळी पाटी. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडकडं निळा रंग सगळ्यांत सोपा, मग लाल, मग काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. अमेरिका-कॅनडात हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मधला आणि पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची काळी खूण अवघड. जपानात हिरवा, लाल, काळा. म्हणजे ऑस्ट्रियातली निळी पाटी पहिलीची, तर कॅनडातली पाचवीची. त्यात अमेरिकेकडं प्रत्येक ठिकाण आपल्याच डोंगरावरच्या इतर उतारांशी तुलना करून रंग ठरवतं. एकीकडची निळी दुसरीकडं काळी निघाली तरी तक्रार कुणाकडं करणार?

युरोपात आकडा तरी आहे. निळ्याचा उतार शंभरात पंचवीसपर्यंत, लालचा चाळीसपर्यंत, त्यावर काळा. मधला एखादा छोटा टप्पा ह्याहून उभा असायला मुभा असते, आणि घाबरणारं पोर नेमकं तिथंच अडतं. शंभरात पंचवीस म्हणजे किती हे ताईला फोनवर कळेना, तेव्हा तिला घरातला चार फुटी बाक घ्यायला लावला आणि एक टोक फूटभर उचलायला सांगितलं. “अगं बाई, एवढा?” अंशात हे जेमतेम 14 भरतं, म्हणून कागदावर साधं वाटतं. आपले घाटरस्ते आखताना चढ साधारण शंभरात पाच-सातवर ठेवतात, आणि तेवढ्या चढाला भरलेले ट्रक कसे रडत जातात ते चोर्ल्याला जाणाऱ्यांना सांगायला नको.

घाटाला वळणं असतात त्याच कारणानं स्कीवरही नागमोडी उतरायचं असतं. सरळ खाली न जाता आडवं गेलं की तोच डोंगर हलका होतो. पण आडवं जायला रुंदी लागते. निळी पाटी लावलेली एखादी अरुंद वाट, एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला दरी, आकड्यानं सौम्य असली तरी पिझ्झावर उतरणाऱ्या पोराला जीव नकोसा करते. तिथं मागनं सुसाट येणारे वेगळेच. त्याबाबत एक गोष्ट पोरांना आधीच सांगून ठेवावी. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांत तिसरा असा आहे की मागून येणाऱ्यानं पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडायची. थोरली पहिले दोन दिवस प्रत्येकाला रस्ता द्यायला बघायची आणि त्यातच पडायची. पुढं असलेल्याला सांभाळायचं काम मागच्याचं, हे कळल्यावर तिची मान मागं वळायची थांबली.

आणि पाटी सकाळ-संध्याकाळ तीच राहते, बर्फ राहत नाही. रात्री गोठलेला उतार सकाळी फरशीसारखा कडक असतो, दुपारनंतर त्यावर उकरलेल्या बर्फाचे ढीग साचतात आणि पायही थकलेले असतात. ढगाळ दिवशी सगळं पांढरं एकसारखं होतं, खड्डा-उंचवटा दिसतच नाही. आम्ही साडेदहाच्या सुमारास सुरू करायचो आणि तीनला स्की परत द्यायचो.

दुसऱ्या मुद्द्यावर मी आमच्या शेजारच्या सुभेदार काकांना विचारलं. ते मराठा लाइट इन्फंट्रीतनं निवृत्त झालेले. गुलमर्गलाच लष्कराचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, 1948 पासूनचं, तिथं त्यांनी कोर्स केलाय. फॉरवर्ड वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, “मऊ बर्फात पडायला बरं वाटतंय की. उठायला येतंय काय, ते बघ म्हणावं.” खोल ताज्या बर्फात स्की बुडते, वळवायला जास्त जोर आणि जास्त सराव लागतो. पडल्यावर हात टेकावा तर हात कोपरापर्यंत आत. सुटलेली स्की बर्फाखाली गेली तर शोधत बसा. नवख्याला दाबून सारखा केलेला बर्फच बरा.

शिवाय तो वरचा टप्पा म्हणजे काय? गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, तीन हजारांच्या थोडं वर. दुसरा अफरवटवर, 3,900 मीटरच्या वर. आपण बेळगावचे साडेसातशे मीटरवरचे, तिथं चार पावलं चढलं तरी धाप लागते. अफरवटचे उतार हा बहुतेक मोकळा डोंगर आहे, जगभरचे तरबेज लोक त्याच्यासाठीच येतात, आणि तिथं हिमस्खलनाचा धोका असतो. 2024 च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या उतारांवर एका परदेशी स्कीअरचा त्यात जीव गेला. वर जायचंच असेल तर दिवस उघडा बघून जावं, फोटो काढावेत आणि गोंडोलानंच खाली यावं. नवख्यांचे उतार खाली गोल्फ कोर्सकडं आहेत, तिथं छोट्या लिफ्ट आहेत. ओढून नेणारी लिफ्ट हा मात्र स्वतंत्र विषय. थोरलीला उतारापेक्षा तिचीच जास्त भीती वाटली, म्हणून पहिले दोन दिवस आम्ही पायीच चढलो.

तिसरा मुद्दा. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमचे स्कीइंग कोर्स 7 आणि 14 दिवसांचे चालत आलेत. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग-गिर्यारोहणाची संस्था आहे, मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची. एका दिवसात येत असतं तर ह्या सगळ्यांनी आठवडे कशाला घातले असते? एका दिवसात सपाटीवर थांबायला येतं, तेही नशीब चांगलं असलं तर. बापानं किंवा मामानं शिकवू नये हे वेगळं सांगतो. चौदा वर्षांची पोरगी परक्याचं ऐकते, मामाला “कळतंय मला” म्हणते.

भाड्याच्या दुकानात मात्र मोठ्या माणसानं जवळ उभं राहावं. बूट घट्ट हवेत, आत मोज्यांचा एकच जोड. मोठे बूट घेऊन दोन मोजे घातले की पाय आत हलतो आणि स्की सांगितलेलं ऐकत नाही. बूट ज्यात अडकतो ते बायंडिंग पडताना आपोआप सुटायला हवं. ते किती जोरावर सुटावं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंग कितपत येतं ह्यावरनं ठरवतात. थोरलीनं वजन चार किलो कमी सांगितलं. स्की दोनदा चालता चालता निसटली, तेव्हा त्या अबोल इन्स्ट्रक्टरनं विचारलं, “सच में कितना?” पोरगी लाजली, मी दुसरीकडं बघितलं.

नाताळाचं एवढंच. काश्मीरचा कडक हिवाळा, चिल्लई कलान, 21 डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालतो, म्हणजे नाताळात त्याची नुसती सुरुवात. आणि तोही हमखास राहिला नाही. 2024 च्या निम्म्या जानेवारीपर्यंत गुलमर्गचं मैदान तपकिरी होतं. 2025 मध्ये बर्फ कमी म्हणून गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ फेब्रुवारीतनं मार्चवर गेले. औलीचं म्हणाल तर 2023 च्या जानेवारीत खालच्या जोशीमठात घरांना भेगा गेल्या आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, तेव्हा वर कसं जायचं ते निघण्याआधी विचारून घ्यावं. फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरा. पण मार्चमध्ये एसएसएलसी, म्हणून दहावीच्या पोराला नेणाऱ्यांनी घरातलं हवामानही बघावं. धाकटी नववीत आहे, तिचं जमतंय.

राहिला टोमणा. भारताकडून क्रॉस-कंट्री स्कीइंग करणारी भवानी टी. एन. आपल्याच कर्नाटकातल्या कोडगूची आहे. कोडगूत पाऊस पडतो, कॉफी पिकते. बर्फ काही तिथं पडत नाही.

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. थोरलीनं त्या इन्स्ट्रक्टरला शेवटच्या दिवशी बेळगावचा कुंदा दिला होता, डबा उघडून त्यानं तिथंच उभ्या उभ्या निम्मा संपवला होता, हे तिच्या लक्षात होतं. म्हणाली, “फेब्रुवारीचं काढ तिकीट. आणि तोच माणूस मिळतोय का बघ. कुंदा मी दोन किलो आणते.”