आपणही जेवायला बसायचं असतं

परवा एक मैत्रीण ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच आली. दार उघडलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता आणि केस चक्क विंचरलेले होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून आत डोकावलं. आतून ना फोडणीचा आवाज, ना मिक्सरची घरघर. दबक्या आवाजात म्हणाली, "अगं, जेवण आजच आहे ना? का मी दिवस चुकले?"

खरं सांगते, आजवर माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाचं कौतुक ऐकून मला इतका आनंद झाला नव्हता. दहा माणसं जेवायला येणार होती, आणि मी खुर्चीवर पाय घेऊन चहा पीत होते.

हे असं पहिल्यापासून नव्हतं. सात-आठ वर्षांपूर्वीची अशीच एक सुट्टीतली संध्याकाळ आठवली की अजून कसंतरी होतं. बारा माणसं, नऊ पदार्थ. नऊही पदार्थ असे की, शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाला माझा हात लागणार. कुणाला वरून फोडणी हवी, कुणाला तळायचं, कुणाला फक्त "एकदा चटका द्यायचा". बाहेर हसण्याचे आवाज येत होते, आणि मी आत घामाघूम होऊन झारा हलवत होते. मधूनच कुणीतरी दारात येऊन "काही करू का गं?" विचारायचं, आणि मी "नको नको, तुम्ही बसा, झालंच" म्हणायचे. ते "झालंच" रात्री साडेदहापर्यंत चाललं. खूप वर्षांनी भेटणारी एक वर्गमैत्रीण त्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून आली होती. निघताना दारात मला मिठी मारून म्हणाली, "बरं झालं, निदान चपला घालताना तरी भेटलीस."

ती चेष्टेत बोलली. मी मात्र ती गेल्यावर ओट्याशी उभी राहून, कढईतलं उरलंसुरलं खात रडले.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. ज्याने जेवायला बोलावलं, त्याने जेवायला बसलं पाहिजे. सगळ्यांबरोबर, त्याच पंगतीत, त्याच वेळी. ते जमणार नसेल तर पदार्थ कमी करा, माणसं कमी करा, हवं तर बेत पुढे ढकला. पण लोकांना "निवांत भेटू" म्हणून बोलवायचं आणि आपण दिवसभर मुदपाकखान्यात, ही त्यांचीही फसवणूक आहे. ते आपल्याला भेटायला आलेले असतात. आपल्या कढईला नव्हे.

आता हे जमवायचं कसं? माझा नियम एकच आहे, बाकी सगळं त्याच्यामागून येतं. पाहुणे यायच्या आधीचा एक तास रिकामा ठेवायचा. कामांच्या यादीत त्या तासापुढे काहीही लिहायचं नाही, "जमलं तर हे करू" असंही नाही. तो तास कशानेतरी भरतोच, त्याची काळजी नको. सिलिंडर संपतो, कुणीतरी पत्ता विचारायला फोन करतं, आंघोळ राहिलेली असते. पण तो आधीच कामाने भरलेला असेल, तर ही सगळी कामं पाहुण्यांच्या वेळेत घुसतात.

आणि आपला अंदाज चुकतो, हे गृहीतच धरायचं. मानसशास्त्रात याला नावसुद्धा आहे, नियोजनाचा भ्रम. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे १९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या तिघांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. गंमत पुढे आहे. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही त्यांना विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर होतं ४८.६ दिवस. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजसुद्धा कमी पडला! मी हे वाचलं तेव्हा मला ते विद्यार्थी ओट्यापाशी उभे दिसायला लागले. "कांदा चिरायला काय, पाच मिनिटं" म्हणणारी मीच ना ती. दहा माणसांचा कांदा पाच मिनिटांत चिरून होत नाही. सोलायलाच तेवढी लागतात.

बेत ठरवताना मी आता पाककृतींची वही आधी उघडत नाही. आधी शेगड्या मोजते. प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न: शेवटच्या पंधरा मिनिटांत तुला मी लागते का? "हो" म्हणणारा एकच पदार्थ ठेवायचा. बाकीच्यांनी एक तर आदल्या दिवशी तयार व्हायचं, नाहीतर गारच वाढून घ्यायचं. तळण या परीक्षेत कायमचं नापास आहे. मला तळलेलं आवडत नाही असं नाही, पण एक माणूस कढईपाशी अडकवून बाकीच्यांनी खायचं, आणि तो माणूस दर वेळी मीच, हे मला मान्य नाही.

यावर सासूबाईंचं म्हणणं असतं की गरम वाढलं नाही तर पाहुणचार कसला! त्यांचं निम्मं बरोबर आहे. गरम पदार्थाचा वास घरभर सुटतो, त्याची सर गार ताटाला येत नाही. म्हणून तो एक "हो" म्हणणारा पदार्थ मी मुद्दाम ठेवते, आणि तो नीट, मन लावून करते. पण एकच. नऊ गरम पदार्थ करायला नऊ माणसं लागतात, हे त्यांनाही मनातून ठाऊक आहे. त्यांच्या वेळी घरात तेवढी होतीही.

आदल्या दिवशी काय करावं याचंही एक तंत्र आहे. रस्सा आदल्या दिवशीच करावा. रात्रभरात मीठ आणि मसाला फोडींच्या आतपर्यंत जातो, मसाल्याचा उग्रपणा उतरतो. आपण मुरणं म्हणतो ते हेच. भात मात्र त्याच दिवशी. फ्रीजमध्ये ठेवलेला भात कडक होतो, कारण गार झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो. काकडी-टोमॅटो सकाळी चिरून ठेवा, पण मीठ अगदी पानं मांडताना. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, आणि तासाभराने भांड्यात कोशिंबिरीऐवजी काकडीचं सार दिसतं. (माझ्याकडे दिसलंय.)

आणि इथे एक चूक कबूल करते. एकदा आदल्या रात्री मोठं पातेलंभर रस्सा केला. गरम फ्रीजमध्ये कसा ठेवायचा, म्हणून झाकून ओट्यावरच ठेवला आणि झोपले. सकाळी झाकण काढलं तर वरती बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. सगळा ओतून दिला. मोठ्या पातेल्यात बाहेरचा थर गार होतो आणि मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि जंतूंना कोमटच आवडतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि पुन्हा गरम करताना ते मधोमधही ७० अंशांच्या वर गेलं पाहिजे. म्हणजे वाफाळलं इतकंच पुरेसं नाही, ढवळून चांगली उकळी आणायची. आता मी रस्सा तीन-चार पसरट भांड्यांत काढते, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. भाताला तर हे जास्तच लागू. त्यात एका जंतूचे बीजाणू असतात, जे शिजवण्यातूनही जिवंत राहतात, आणि भात बाहेर राहिला की वाढतात. उरलेला भात रात्री गप्पांच्या नादात ओट्यावर विसरू नका, इतकंच.

हे सगळं फ्रीजमध्ये मावलं पाहिजे, हेही आधीच बघायचं. दोन दिवस आधी फ्रीज रिकामा करते, तेव्हा गेल्या सुट्टीतली एखादी चटणी हमखास निघते. कचऱ्याचा डबा, न्हाणीघरातला नवा टॉवेल, बर्फ, ही कामं किरकोळ आहेत, पण कागदावर हवीत.

प्रमाणाचं म्हणाल तर, पाककृती चौपट केली म्हणजे सगळंच चौपट होत नाही. मोठ्या भांड्यात त्या मानाने वाफ कमी उडते, म्हणून पाणी चौपट घातलं की रस्सा पांचट होतो. तिखट-मीठही आधी कमीच घालून मग चव बघत वाढवायचं. भाताबरोबर बाकी पदार्थ असतील तर माणशी ७५ ग्रॅम कच्चे तांदूळ पुष्कळ झाले. आपण पदार्थ वाढवतो, पण प्रत्येकाचं प्रमाण मात्र तोच एक पदार्थ असल्यासारखं ठेवतो. माणसाचं पोट नऊ पदार्थ बघून नऊपट होत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. कुणी "काही आणू का?" विचारलं तर "काही नको, तुम्ही फक्त या" हे म्हणणं बंद करा. ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं, पण त्यात आपलाच तोरा जास्त असतो. मी आता लगेच सांगते, "बर्फ आण. दोन पिशव्या." किंवा "फळं आण, आणि चिरायचीही तूच." काम नेमकं हवं. "आण काहीतरी" म्हटलं की चार जण मिठाईचे चार खोके आणतात. आणि गंमत बघा, ज्याच्या हातात सुरी-पाट दिला, तो पाच मिनिटांत घरचा होतो. अवघडून सोफ्याच्या कडेवर बसलेला नवऱ्याच्या ऑफिसातला तो अबोल मुलगा कलिंगड कापता कापता असा काही बोलायला लागला की शेवटी त्याला आवरावं लागलं.

नवऱ्याबद्दल बोलायचं तर, आमच्याकडे "मदत" हा शब्द बंद आहे. पाहुणे दोघांचे, तर काम दोघांचं. "लागलं तर सांग" हे वाक्यही बंद. सांगणं हेही एक कामच असतं, आणि तेही परत माझ्याच गळ्यात. आता कागदावर त्याच्या नावापुढे त्याची कामं असतात: खुर्च्या, पाणी, भात, आणि सगळ्यांना आधी फोन करून पथ्य विचारणं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कुणाला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर ते बोलावतानाच कळायला हवं, ताट वाढल्यावर नव्हे. अशा माणसाला एकच डाव दोन भांड्यांत फिरला तरी त्रास होऊ शकतो. भात त्याने पहिल्यांदा केला तेव्हा खाली लागला. मी काही बोलले नाही. (बोलले. पण दुसऱ्या दिवशी.)

शेवटची युक्ती माझ्या मावशीची. तिच्याकडे कितीही माणसं असोत, ती स्वतः सगळ्यांबरोबर पानावर असायची. लहानपणी मला वाटायचं, हिच्याकडे काम करायला कुणी लपवून ठेवलंय की काय! मोठेपणी विचारलं तर म्हणाली, "अगं, अन्न होतं गं वेळेत. डाव सापडत नाही." ती आदल्या रात्रीच वाढायची सगळी भांडी रिकामी टेबलावर मांडायची, प्रत्येकात एक डाव आणि एक चिठ्ठी. "भात." "रस्सा." "फळं." मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा कळलं की सहा भांडी आहेत आणि डाव चारच. हे मला आदल्या रात्री दहा वाजता कळलं. एरवी ते पाहुण्यांसमोर, हातात वाफाळतं पातेलं घेऊन कळलं असतं. शिवाय भांड्यात चिठ्ठी असली की कुणीही येऊन वाढून घेऊ शकतं, मला विचारावं लागत नाही.

तर परवा ती मैत्रीण आली, मी तिलाही चहा दिला. दोघी वीस मिनिटं नुसत्या बोलत बसलो. मग बाकीचे आले, भात झाला (लागला नाही), सगळ्यांबरोबर मीही जेवले, आणि गरम गरम जेवले. अकराला शेवटचा पाहुणा गेला. भांडी पाण्यात भिजत घातली आणि झोपलो. रात्री ती घासायची की सकाळी, यावर आमचं अजून एकमत नाही.

सकाळी फ्रीज उघडला तर खालच्या खणात काकडी-टोमॅटोचं मोठं भांडं, वर झाकण, जसं ठेवलं तसं. वाढायचंच राहिलं. मी चक्रावले, चिठ्ठी तर लिहिली होती. शोधलं तर ते रिकामं वाडगं टेबलाच्या कडेला, कुणाच्या तरी पर्सखाली झाकलं गेलेलं असणार, कारण त्यातल्या "काकडी" लिहिलेल्या चिठ्ठीवर आता मोटारीच्या किल्ल्या होत्या. दहा माणसांपैकी एकानेही कोशिंबीर कुठे आहे म्हणून विचारलं नव्हतं.

किल्ल्या कुणाच्या आहेत, ते मात्र अजून कळलेलं नाही. ज्याच्या असतील त्याने फोन करावा. आणि येताना भूक ठेवून या, दोन किलो काकडी संपवायची आहे.