सात पाण्यांचा पाला

शनिवारी सकाळी बेल वाजली आणि मी ओल्या हातांनी दार उघडलं, तिथेच फसलो. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी. चिमटीत मातीचं ढेकूळ, शेंगदाण्याएवढं.

"हे तिसऱ्या पायरीवर होतं. या आठवड्यात केरवोखे तुमची ना?"

जर्मनीतल्या श्टुटगार्टकरांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. केरवोखे म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. आपली संपली की शेजारी पाळीची पाटी तुमच्या दाराला अडकवून जातो. त्यातला 'केर' मराठी माणसाला पहिल्याच दिवशी कळतो. उरलेलं कळायला मला अकरा वर्षंही पुरलेली नाहीत.

माती माझ्या बाल्कनीतली. तिथे मी फेल्डझालाट लावला होता, म्हणजे उणे १५ अंशांतही तग धरणारा हिवाळी कोशिंबिरीचा पाला. ऑगस्टच्या उकाड्यात पेरला, उगवलाच नाही. तापमान २० अंशांच्या वर गेलं की बी रुसतं. सप्टेंबरात पुन्हा पेरला आणि तीन आठवडे नुसत्या मातीला पाणी घालत बसलो. डिसेंबरात सकाळी पानं ओल्या रुमालासारखी लोळायची आणि दुपारी, जणू काही झालंच नाही अशी, उभी राहायची. गोठलेल्या पानांना हात लावायचा नसतो, चिखल होतो. एक कुंडी घालवून मी हे शिकलो. जानेवारीपर्यंतचं एकूण पीक १८० ग्रॅम. कोपऱ्यावरच्या दुकानात एवढ्याची पिशवी मिळते, तीही धुतलेली.

तर आजी. ढेकूळ नेमकं कुठल्या कचऱ्यात टाकायचं हे मला कळणार नाही, अशी खात्री असल्यामुळे त्या स्वतःच स्वयंपाकघरात आल्या.

"अरे वा, आकरझालाट!"

"हो, फेल्डझालाट."

"आकरझालाट."

"पाकिटावर फेल्डझालाट लिहिलंय."

"पाकीट उत्तरेतलं असेल."

मग चाळणीतला पाला त्यांनी उचलून पाहिला. "पानं सुटी का?"

"खुडली. मेथी निवडतो तशी."

मेथी म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. मुळाच्या जरा वर चाकू लावून अख्खा गुच्छ कसा काढायचा, हे मला हवेत कापून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा हळू.

"किती पाण्यांत धुतलात?"

"दोन."

आजींनी बाह्या सरसावल्या. माझ्या घरात, माझ्या परातीत, माझं पीक, आणि मी बाजूला टॉवेल धरून उभा. तिसरं पाणी, चौथं पाणी. प्रत्येक वेळी परातीच्या तळावर बोट फिरवून रेती माझ्या नाकासमोर. पाचव्याला रेती कमी झाली तर त्यांचाच चेहरा पडला. सातव्याला नाइलाजाने थांबल्या.

इथे एक सांगायलाच हवं. या पाल्याचं आणखी एक नाव रापुन्झेल. परीकथेतल्या लांब केसांच्या त्या पोरीला या भाजीचं नाव पडलं, कारण डोहाळे लागलेल्या बायकोसाठी बापाने शेजारणीच्या बागेतून याच नावाचा पाला चोरला आणि शेजारणीने बदल्यात मूल नेलं. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पोरीचं नाव चाकवत?" पण मुद्दा तो नाही. शेजारीण आणि हा पाला एकत्र आले की काय होतं, हे ग्रिम बंधूंनी १८१२ सालीच छापून ठेवलं होतं. मी उशिरा वाचलं.

एव्हाना कढईत लसूण-मिरची करपायला आली होती. मी पाला उचलला आणि फोडणीत टाकला.

"नाइन!"

एवढ्या मोठ्याने 'नाही' म्हणून आजी जिन्यातसुद्धा ओरडत नाहीत. १८० ग्रॅमचा बघता बघता लिंबाएवढा गोळा झाला. आम्ही दोघं कढईभोवती उभे, दहाव्या दिवशी कावळा शिवायची वाट बघावी तसे.

"यावर कोमट बटाट्याचं ड्रेसिंग घालतात," आजी हळूच म्हणाल्या. "पण तुमच्याकडे सगळंच शिजवतात, नाही का? कच्च्याची सवय नसेल."

हे लागलं. अजून लागतंय. मी लातूरचा. मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्ची मेथी, कांदा, दाण्याचं कूट, वर कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकरी, यावर माझे हिवाळे गेले. पण राग आला की माझं जर्मन मला सोडून जातं, आणि घोळाण्याला जर्मन शब्द तर रागाशिवायही नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत म्हणे. असतील. अकरा वर्षं कर भरतो, बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकतो, रविवारी भिंतीत खिळा ठोकत नाही. तुम्ही काय खाता, हे एकदा कुणी विचारलं असतं तर? नाही. सांगायचंच.

रात्री आईला तो गोळा व्हिडिओ कॉलवर दाखवला. "अरे, गवत आहे ते. पाच महिने गवताला पाणी घातलंस?"

रविवारी दाराबाहेर काचेचा वाडगा. आकरझालाट, अख्खे गुच्छ, बटाट्याचं ड्रेसिंग, वर पावाचे तळलेले तुकडे. झाकणावर चिठ्ठी : "असा." शेजारी केरवोखेची पाटी सरळ करून ठेवलेली.

चव चांगली होती, अक्रोडासारखी. चौथ्या घासाला दाताखाली कचकन रेती आली.

तो कण मी कागदाच्या पुडीत बांधून ठेवला आहे. वाडगा परत करायला उद्या जाणार आहे.